मामांचा पेपर, सरकारचा पैसा आणि वीस रुपयांची पुस्तिका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

दर्यापूर तालुक्यातल्या एका तिशीतल्या शेतकऱ्याने लिहिलं आहे. कृषी पदवी घेऊनही नोकरीच्या मागे न लागता त्यांनी खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या पट्ट्यातली, घरची शेती धरली. गावातल्या पोरांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत वाचनालय सुरू केलं. त्यांचे मामा एका कृषी महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, निवृत्तीला आले आहेत. खारपाणपट्ट्यातल्या चोपण (सोडियम वाढून बिघडलेल्या) जमिनी कशा सुधारतील यावर मामांनी सरकारी निधीतून बरीच वर्षं काम केलं आणि त्याचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका परदेशी नियतकालिकात आला. तो वाचायचा तर वेबसाइट पस्तीस डॉलर मागते. दिवाळीत मामांनी भाच्याला वाचायला म्हणून पीडीएफ दिली. भाच्याने त्याचं मराठी केलं, मधूनमधून वऱ्हाडी घातली, तक्ते आणि फोटो होते तसे ठेवले, एका सरकारी संस्थेच्या घडीपत्रिकेतली चार पानं जोडली आणि तालुक्याच्या प्रेसमधून पाचशे पुस्तिका छापून आणल्या. किंमत वीस रुपये. छपाईचा खर्च निघावा एवढाच हेतू. मुखपृष्ठावर मामांचं नाव ठसठशीत, ‘त्यांना बरं वाटेल म्हणून’. जाता जाता ते असंही लिहितात की, चोपण जमीन सुधारायला टाकतात त्या जिप्समचं प्रमाण ‘आमच्या लोकांच्या खिशाला झेपेल असं’ थोडं कमी करून छापलं.

पुस्तिका मामांच्या हाती पडली आणि फोन आला: ‘हे काय करून ठेवलं? पेपरचे हक्क मी प्रकाशकाले लिहून देल्ले. माही पेन्शन अडकवतं का आता?’ तेव्हापासून बोलणं बंद. आई म्हणते, पाया पड आणि पुस्तकं जाळून टाक. मित्र म्हणतात, सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा, भ्यायचं काय, आता अख्खी पीडीएफच ग्रुपवर टाक. पत्राचा शेवट असा: ‘ताई, चोरी म्या केली का आमचीच चोरी झाली, तेच समजून नाही राह्यलं.’

भाऊ,

तुमच्या पत्रात कायद्यावर अडीच पानं आहेत आणि जिप्समवर दीड ओळ. मी त्या दीड ओळीपासून सुरुवात करते. कॉपीराइटचं भांडण महिनाभर थांबू शकतं, शेतात पडायचं पोतं थांबत नाही.

जिप्सम किती टाकायचं हे माती परीक्षणावरून ठरतं. तुम्ही पदवीधर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या त्या काळ्या चिकण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं. पण सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जावं लागतं, आणि निचराच नसेल तर पैसा मातीत गेला. प्रमाण कमी केलं म्हणून पीक जळणार नाही, खरं आहे. पण हवा तेवढा फरकही पडणार नाही. मग पुढच्या वर्षी पारावर बसून लोक म्हणतील, सरांच्या पुस्तकात पाहून टाकलं होतं, काही नाही झालं. ते सर म्हणजे तुमचे मामा. त्यांनी वर्षानुवर्षं प्लॉट टाकून, नमुने तपासून जो आकडा काढला, तो तुम्ही बदललात आणि खाली नाव त्यांचंच ठेवलंत.

कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम नेमकं यासाठी आहे. लेखकाने हक्क लिहून दिले, विकून टाकले, तरी एक अधिकार त्याच्याकडेच राहतो: हे लेखन माझं आहे असं म्हणण्याचा, आणि माझ्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी त्याची मोडतोड कोणी करू नये असं सांगण्याचा. म्हणजे परदेशातल्या प्रकाशकाने तुम्हाला आनंदाने परवानगी दिली असती, तरी जिप्समच्या त्या ओळीवर मामांचा आक्षेप कायम राहिला असता. मामा फोनवर प्रकाशक आणि पेन्शन यांबद्दल बोलले. मला शंका आहे की त्यांना लागलं ते वेगळंच, पण बहिणीच्या पोराला ‘तू माझ्या नावाने चुकीचं छापलंस’ म्हणण्यापेक्षा प्रकाशकाचं नाव पुढे करणं त्यांना सोपं गेलं. तुम्ही विचारलंत का त्यांना? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही.

तेव्हा आजच करायचं काम: उरलेल्या प्रती देणं थांबवा. जाळू नका, नुसत्या बाजूला ठेवा. ज्यांनी पुस्तिका नेल्या त्यांच्यापर्यंत एक पानाचं शुद्धिपत्रक पोचवा, ग्रुपवरही टाका: पान अमुक वरचं जिप्समचं प्रमाण मूळ संशोधनातलं नाही, ते आम्ही बदललं होतं, माती परीक्षण करूनच प्रमाण ठरवा. खाली स्वतःचं नाव लिहा. गावात नेलेल्यांची नावं वाचनालयाच्या वहीत असतीलच.

आता तुमच्या मित्रांचं म्हणणं घेऊ. सरकारचा पैसा तो आपला पैसा, म्हणून पेपर आपला. मनाने मी त्यांच्याच बाजूची आहे. कापसाच्या पट्टीतून आणि खताच्या पोत्यावरच्या करातून ज्या प्रयोगशाळा चालतात, त्यांचे निष्कर्ष त्याच माणसाला पस्तीस डॉलरला, म्हणजे तीन हजारांच्या आसपास मोजून विकत घ्यावे लागावेत, यात न्याय कुठे आहे ते मलाही दिसत नाही. पण आपला कायदा पैसा कुठून आला यावरून मालक ठरवत नाही. सरकारी निधीतून गावात समाजमंदिर बांधलं म्हणून त्याच्या किल्लीची नक्कल ज्याने त्याने करून घ्यायची नसते, तसंच काहीसं हे आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय की सरकारने तयार केलेल्या लेखनाचा पहिला मालक सरकार. कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळांचं आणि तशा इतर संस्थांचंही तसंच, वेगळा करार नसेल तर. मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे तुम्ही जोडलेली ती घडीपत्रिका ‘सरकारी’ आहे म्हणून मोकळी होत नाही, उलट तिला धडधडीत मालक आहे. (उलट बाजूने पाहिलं तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या शेती खात्याने इंग्रजांच्या काळात काढलेली बुलेटिनं आज कोणीही छापावीत. कुणाच्या घरी पेटीत पडलेली असतील तर वाचनालयात आणून ठेवा.)

सरकारी म्हणजे फुकट, हा समज आला कुठून, तर बहुधा अमेरिकेकडून. तिथल्या १९७६ च्या कायद्याच्या १०५ व्या कलमाने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीत केलेल्या कामावर कॉपीराइटच ठेवलेला नाही. नासाचे फोटो म्हणून सगळीकडे दिसतात. पण तिथेही विद्यापीठातल्या माणसाने सरकारी अनुदानावर केलेला पेपर या कलमात बसत नाही. त्यासाठी त्यांना वेगळं धोरण करावं लागलं: तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ पासून अट घातली की आमच्या पैशातून झालेला पेपर बारा महिन्यांच्या आत सर्वांना फुकट वाचता आला पाहिजे, आणि २०२५ च्या जुलैपासून ते बारा महिनेही काढून टाकले. पैसा दिला म्हणून दार आपोआप उघडलं नाही, देताना अट घातली तेव्हा उघडलं.

आपल्याकडेही अशा अटी आहेत, आणि इथे तुमच्या मामांच्या पेपरचा विषय परत येतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचं, म्हणजे संशोधन कोणालाही मोफत वाचता यावं असं, धोरण स्वीकारलं. पेपर स्वीकारला गेला की लेखकाने आपला अंतिम मसुदा संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवायचा, असं ते सांगतं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं असंच धोरण डिसेंबर २०१४ पासून आहे. ‘कृषीकोश’ नावाचं मोठं भांडार आहे, त्यात परिषदेच्या संस्थांचं साहित्य आणि कृषी विद्यापीठांतले एम.एस्सी., पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेले आहेत. इतर विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’. दोन्हीकडे मोबाईलवरून पोचता येतं, पैसे लागत नाहीत. परिषदेची स्वतःची मुख्य इंग्रजी नियतकालिकंही ऑनलाइन मोफत वाचता येतात. खारपाणपट्टा, चोपण जमीन, पूर्णा खोरं असे शब्द इंग्रजीतून टाकून शोधून पाहा. मामांच्या पेपरमध्ये जे आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात जास्त सविस्तर सापडायची शक्यता आहे. पेपरला आठ पानं मिळतात, प्रबंधाला दोनशे.

म्हणून मामांना तुम्ही विचारायचा प्रश्न ‘हक्क का दिले?’ हा नाही. विचारायचं ते असं: निधी कुणाचा होता, त्याची मुक्त प्रवेशाची अट होती का, आणि प्रकाशकाच्या फॉर्मवर सही करताना काय काय हातात ठेवलंत? पुष्कळ प्राध्यापक तो फॉर्म वाचत नाहीत. पदोन्नतीच्या गुणांसाठी पेपर हवा असतो, फॉर्म आला की सही. पण बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला एक मुभा ठेवतात: परीक्षकांनी मान्य केलेला, पण प्रकाशकाने मांडणी करायच्या आधीचा मसुदा ठराविक काळाने संस्थेच्या भांडारात ठेवता येतो. मामांच्या कॉम्प्युटरवर तो कुठेतरी असणारच. तो त्यांनी रीतसर ठेवला, की तुमच्या ग्रुपवर पीडीएफ टाकायची गरज नाही, दुवा टाका. आणि ‘हक्क दिले’ म्हणजे किती दिले, तेही पाहायला हवं. आपल्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. फॉर्ममध्ये बहुधा मुदत लिहिलेली असते, पण न वाचता घाबरण्यापेक्षा वाचून घाबरलेलं बरं.

मग तुम्ही केलं ते चुकलं का? भाषांतर करून छापण्याचा हक्क मूळ मालकाचाच असतो, त्यामुळे परवानगीशिवाय पूर्ण पेपरचं मराठी करून विकणं हा भंग होतो. खर्चापुरती किंमत घेतली, फायदा घेतला नाही, हे शिक्षेच्या वेळी तुमच्या बाजूने मोजलं जाऊ शकतं, भंग मात्र पुसला जात नाही. ६३ व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दर्यापूरच्या प्रेसमधल्या पाचशे प्रतींसाठी कोणी परदेशातून पोलीस पाठवत नाही, कोणी हरकत घेतलीच तर आधी पत्र येईल. पण ‘घाबरायचं काय’ म्हणणाऱ्या मित्रांपैकी प्रेसच्या बिलावर सही कोणाची आहे, तेवढं पाहून घ्या.

आणि ‘सगळं फुकट मिळतं अशी एक साइट आहे’ असं तुम्ही लिहिलंत, तर तिच्याविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता आणि २०२५ मध्ये ती ब्लॉक करण्याचा आदेश झाला. वाचनालयाच्या नावाने त्या वाटेला जाऊ नका.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे. तुम्हाला मामांचा पेपर हवा होता की मामांना काय सापडलं ते?

पेपर म्हणजे ती विशिष्ट वाक्यं, ती मांडणी, ते फोटो. कॉपीराइट त्याच्यावर असतो. सापडलेल्या गोष्टीवर कोणाचाच कॉपीराइट नसतो. कोणत्या मातीत किती सोडियम निघालं, किती जिप्सम टाकल्यावर पाणी मुरायचा वेग किती वाढला, रुंद वरंबा-सरीवर हरभरा कसा आला, शेततळ्याचं गोड पाणी आणि विहिरीचं खारं पाणी यांत फरक किती पडला, ही सगळी तथ्यं. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कल्पना, विषय, तथ्यं यांवर कॉपीराइट नसतो, त्यांच्या मांडणीवर असतो. म्हणजे मामांचा पेपर मिटून बाजूला ठेवा आणि तेच सगळं तुम्ही तुमच्या भाषेत, तुमच्या गावच्या पऱ्हाटीची आणि तुरीची उदाहरणं देऊन, तुमच्या क्रमाने लिहा. ते लेखन तुमचं. प्रकाशकाला त्यात बोलायला जागा नाही. आकडे घ्या, पण अख्खा तक्ता उचलू नका, कारण तक्त्याची निवड आणि मांडणीसुद्धा कायद्याने लेखनच धरली आहे. शेतकऱ्याला लागणारे चार आकडे काढून स्वतःचा छोटा तक्ता करा. फोटो स्वतःच्या धुऱ्यावर उभं राहून काढा. ‘हे निष्कर्ष अमुक यांच्या अमुक संशोधनातून घेतले आहेत’ अशी ओळ टाका, आणि जिथे तुमचा स्वतःचा अनुभव किंवा अंदाज आहे तिथे तो तुमचा आहे हे वेगळं लिहा.

खरं सांगायचं तर अशी पुस्तिका तुमच्या आधीच्या पुस्तिकेपेक्षा उपयोगीही होईल. पेपरचं भाषांतर वाचताना अर्धी पानं पूर्वीच्या संशोधनाच्या आढाव्यात जातात, तो आढावा परीक्षकासाठी असतो. शेतकऱ्याला हवं असतं: माझ्या वावरात करू का, कधी करू, किती खर्च, आणि नाही जमलं तर काय. पेपर हे सांगत नाही. तुम्ही सांगू शकता.

बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांच्या गावात असंच काही चालू असेल त्यांच्यासाठी, काही गोष्टी. स्वतः वाचायला, अभ्यासाला एक प्रत काढणं हे वैयक्तिक वापरात बसतं. गावसभेत किंवा चावडीवर छापील लेखातला बेताचा उतारा वाचून दाखवायला कायदा आडवा येत नाही. शिक्षकाने शिकवताना पानं काढून देणं चालतं, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते फार मोकळेपणाने मान्य केलं. जे पुस्तक भारतात विकत मिळतच नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती विनानफा सार्वजनिक वाचनालय स्वतःसाठी करू शकतं. सरकारी समितीचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला की, सरकारने मनाई केली नसेल तर, तो कोणीही छापावा. विकासाच्या प्रादेशिक अनुशेषावरचा केळकर समितीचा अहवाल २०१४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडला गेला, विदर्भातल्या किती वाचनालयांत तो आहे? शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खं पुस्तक टाकणं मात्र यातल्या कशातच बसत नाही.

सरकारी संस्थेची पुस्तिका किंवा घडीपत्रिका पुन्हा छापायची असेल तर परवानगी मागा. लोक मागतच नाहीत, म्हणून ती मिळत नाही. कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण संचालक हे पद याच कामासाठी असतं: विद्यापीठातलं ज्ञान वावरात पोचवायचं. त्यांना साधं पत्र लिहा. कोणती पुस्तिका, कोणती पानं, किती प्रती, किंमत किती आणि कशासाठी, श्रेय कसं देणार, एवढं त्यात असू द्या, आणि उत्तर लेखी मागा. तोंडी ‘छापा हो, काय होते’ याला कायद्यात वजन नाही आणि साहेबांची बदली झाली की आठवणीतही नसतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते, तिच्यावर शेतकरी प्रतिनिधी असतात. तिथे हा विषय काढायला सांगा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला, तिथली शेतं पाहायला, गावातून गाडी भरून जाताच, तर वाण पाहून झाल्यावर शास्त्रज्ञाला हेही विचारा की साहेब, तुमचा याच्यावरचा पेपर मोफत कुठे वाचायला मिळेल? दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. पेपरवरचा ईमेल पत्ताही नुसता शोभेला नसतो. लेखकाला दोन ओळी लिहिल्या तर बरेच जण आपली प्रत वाचायला पाठवतात, त्यांना वाचक मिळाल्याचा आनंदच होतो.

परवानगीचं पत्र अनुत्तरित राहिलं तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मराठीत अर्ज, तीस दिवस. सरकारी पैशातून पूर्ण झालेल्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल मागा, कारण तो पेपर नसतो आणि प्रकाशकाकडे गेलेला नसतो. २००५ च्या या कायद्याचं नववं कलम पाठ करून ठेवण्यासारखं आहे: कॉपीराइटचं कारण देऊन माहिती नाकारता येते, पण तो कॉपीराइट सरकारव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाचा असेल तरच. सरकारचा स्वतःचा कॉपीराइट हे माहिती अडवायचं कारण होत नाही. एवढं मात्र ध्यानात घ्या की अशी मिळालेली प्रत वाचायची मुभा आहे, पुस्तक करून विकायची मुभा त्याने मिळत नाही. पुन्हा तेच, आपल्या शब्दांत लिहा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल, म्हणजे सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्र भरण्याच्या योजनेबद्दल, तुम्ही विचारलंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांमधले जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक आता ती वाचू शकतात. अमरावतीच्या सरकारी कॉलेजातल्या पोरीला आता दिल्लीच्या पोरीइतकंच वाचायला मिळेल, हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण शेतकरी त्या यादीत नाही, ग्रामवाचनालय नाही, आणि जे संशोधन सरकारनेच पैसे देऊन करून घेतलं त्यातलं काही वाचण्यासाठी सरकार पुन्हा प्रकाशकाला पैसे मोजतंय. तेवढा पैसा आणि थोडा धाक आपल्याच संस्थांच्या भांडारांमागे लावला असता तर दर्यापूरलाही वाचता आलं असतं, असं माझं मत आहे. तोपर्यंत तुमच्या गावातलं कोणी पोर सरकारी कॉलेजात शिकत असेल तर त्याने वाचावं आणि काय वाचलं ते शनिवारी वाचनालयात येऊन सांगावं. पीडीएफ आणून वाटू नये.

राहिले मामा. आईचं अर्धं म्हणणं बरोबर आहे: भेटायला जा, फोनवर नको. पण नुसतं पाया पडून परत येऊ नका. सोबत एक कागद न्या, त्यावर तुमच्या सहीने लिहिलेलं असू द्या की ही पुस्तिका मामांच्या माहितीशिवाय आणि परवानगीशिवाय काढली, भाषांतर आणि प्रमाणातला बदल तुमचा, आणि प्रती वितरणातून मागे घेतल्या आहेत. निवृत्तीच्या तोंडावर उद्या कोणी त्यांना विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी हवं, त्यांची खरी भीती तिथे आहे. दुसरा कागद शुद्धिपत्रकाचा. आणि तिसरा, नव्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा, त्यात आकडे बरोबर आहेत का एवढंच तपासून द्या म्हणावं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चुका काढायला दिल्या की तो फार वेळ रुसून बसू शकत नाही. मामी चहा ठेवेल तेव्हा निधी कोणाचा आणि फॉर्मवर काय होतं, हेही विचारून घ्या. त्यांचे अजून एकदोन पेपर निघायचे असतील तर पुढच्या वेळी सही करण्याआधी मसुदा भांडारात ठेवायचा हक्क राखून घ्या, एवढं सांगा.

आधीच्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती प्रकाशकाची आणि त्या घडीपत्रिकेच्या संस्थेची परवानगी आली तर शुद्धिपत्रक डकवून, मामा ‘हो’ म्हणाले तरच त्यांच्या नावासह, देता येतील. नाही आली तर रद्दीत. छपाईचे पैसे बुडाले असं समजा.

आणि नवी पुस्तिका निघेल तेव्हा तिचा कॉपीराइट आपोआप तुमचा असेल, नोंदणी करावी लागत नाही. तेव्हा दुसऱ्या पानावर, प्रेसच्या नावाच्या वर, हे छापायला विसरू नका: ‘ही पुस्तिका कोणीही जशीच्या तशी छापावी, वाटावी, खर्चापुरत्या किमतीला विकावी, परवानगी लागणार नाही. मजकूर बदलल्यास आमचं नाव काढून स्वतःचं घालावं.’ शेजारच्या अंजनगावात किंवा अकोटात कोणी ती छापायला घेतली तर त्याला मला पत्र लिहावं लागणार नाही.